राणी छाप रुपया: ग्रेड कशी ठरवायची आणि योग्य किंमत किती?

यूट्यूबवर 'जुनं नाणं किंमत' एवढंच शोधा. राणी व्हिक्टोरियाचा फोटो, शेजारी लाल बाण आणि 'हे नाणं घरात असेल तर १५ लाख' असं थंबनेल दिसायला फार वेळ लागत नाही. तेच नाणं घेऊन सराफाकडे गेलात तर तो काट्यावर टाकतो, मोडीचा भाव सांगतो आणि विषय संपतो. नाणं एकच, भाव दोन. यातला खरा कुठला हे कळायला तीन प्रश्नांची उत्तरं लागतात: चांदी किती आहे, नाणं दुर्मिळ आहे का, आणि ते कुठल्या अवस्थेत आहे. तिन्ही गोष्टी एक मोबाइल आणि चारपाचशे रुपयांचा डिजिटल काटा यांच्या जोरावर घरी बऱ्यापैकी तपासता येतात.

मी शिरवण्यात राहतो, नोकरी सॉफ्टवेअरमधली, नाण्यांचा नाद कॉलेजपासूनचा. माझ्याकडे ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आहे हे गावठाणात कळल्यापासून दिवाळीच्या सुमारास कोणी ना कोणी डबा घेऊन येतंच. सिडको येण्याआधी हा सगळा पट्टा भातशेतीचा आणि मिठागरांचा. जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाच्या ताटातले चार-दोन चांदीचे रुपये अजून जपून ठेवलेले असतात. गेल्या दिवाळीत शेजारच्या घरातून असाच एक डबा आला. आजी गेल्यावर तिच्या वस्तूंची वाटणी चालली होती. डब्यात पाच रुपये होते: १८६२, १९०७ (याला वर कडी डाग देऊन बसवलेली), १९१८, १९४४ आणि १९४७. खाली उदाहरणं म्हणून हीच पाच घेतो, कारण महाराष्ट्रातल्या बहुतेक डब्यांत थोड्याफार फरकाने हेच निघतं.

आधी चांदी मोजा

१८३५ पासून कंपनी सरकारने आणि नंतर ब्रिटिश सरकारने जो रुपया पाडला त्याचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हा बरोबर एक जुना तोळा. (आजचा सराफ तोळा म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या मनात १० ग्रॅम असतात. व्यवहार करताना तोळ्यात बोलूच नका, ग्रॅममध्ये बोला.) त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे ९१.७ टक्के. नव्या कोऱ्या रुपयात शुद्ध चांदी भरते १०.६९ ग्रॅम. अधेली म्हणजे अर्धा रुपया, त्याचं वजन ५.८३ ग्रॅम, आणि पावली २.९२ ग्रॅम, चांदीचं प्रमाण तेच.

दुसऱ्या महायुद्धात चांदी टंचाईची झाली आणि १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी राहिली. वजन तेच ११.६६, पण चांदी ५.८३ ग्रॅम. बाकी ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. ओळखायला सोपं आहे: नाण्याची कड बघा. जुन्या रुपयाच्या कडेला नुसत्या उभ्या रेघा असतात. १९४० नंतरच्या कडेला रेघांच्या मधोमध एक खाचेसारखी नक्षी फिरवलेली असते, नकली नाणं पाडणं अवघड व्हावं म्हणून. आणि १९४७ च्या रुपयात चांदी अजिबात नाही. त्याच्या मागे वाघ आहे, धातू शुद्ध निकेल. फ्रिजवरचं मॅग्नेट लावा, टचकन चिकटेल. किती घरांत हे नाणं 'चांदीचं' म्हणून पूजेत बसलंय, मोजदाद नाही.

स्वातंत्र्यानंतरची चांदीची नाणीही डब्यांत निघतात. १९६९ चं गांधी शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं १५ ग्रॅमचं, ८० टक्के चांदीचं, म्हणजे १२ ग्रॅम चांदी. १९७२ चं स्वातंत्र्याच्या पंचविशीचं दहा रुपयांचं नाणं मोठं, २२.५ ग्रॅमचं, पण चांदी ५० टक्के. आकारावर जाऊ नका, त्यात चांदी ११.२५ ग्रॅमच आहे.

आता गुणाकार. हिशोब सोपा व्हावा म्हणून इथे भाव ग्रॅमला १०० रुपये, म्हणजे किलोला एक लाख धरतो. तुम्ही आजचा भाव घाला. १९१८ च्या रुपयात १,०६९ रुपयांची चांदी. १९४४ च्या रुपयात ५८३ रुपयांची. १९४७ मध्ये शून्य. हा आकडा म्हणजे तुमचा तळ. विकताना याच्या फार खाली जायचं नाही, आणि विकत घेताना याच्या वर जितके पैसे मागतायत ते नेमके कशाचे, हे विचारायचं. सराफ जो थोडा कमी भाव देतो त्यात त्याची गाळणावळ आणि नफा असतो, ते रास्तच आहे. पण १९१८ चा रुपया 'निम्मी चांदी' म्हणून घेत असेल तर गप्प बसू नका.

खरं की खोटं

मराठीत 'खणखणीत नाणं' हा शब्द उगाच आलेला नाही. पूर्वीचा दुकानदार रुपया वाजवून घ्यायचा. आजही ती पहिली चाचणी आहे, फक्त फरशीवर आपटू नका. नाणं बोटाच्या टोकावर आडवं तोलून धरा आणि पेनाने कडेला हलकी टिचकी मारा. चांदीचा आवाज उंच असतो आणि बराच वेळ रेंगाळतो. शिशाचं किंवा साच्यात ओतलेलं नाणं 'थड' असं वाजून गप्प होतं. मोबाइलवर स्पेक्ट्रम दाखवणारी ॲप फुकट मिळतात. ज्या नाण्याची खात्री आहे त्याचा आवाज आधी नोंदवा, मग शंकेचं नाणं वाजवा. दोघांची शिखरं जवळपास जुळली पाहिजेत. नाण्याला तडा असेल किंवा डाग दिलेला असेल तर खरंही नीट वाजत नाही, हे लक्षात ठेवा.

मग वजन. ११.६६ च्या जवळ हवं. खूप वापरलेला रुपया ११.४ किंवा त्याहून थोडा खाली असू शकतो. १० ग्रॅमचा किंवा १३ ग्रॅमचा असू शकत नाही. व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर.

माझी सगळ्यात आवडती चाचणी पाण्याची. तिला यंत्र लागत नाही आणि तिला फसवणं कठीण. काट्यावर पाण्याचा छोटा कप ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असं हाताने धरा. बुडबुडे चिकटलेले नकोत. आता काटा जो आकडा दाखवतो तितके मिलिलिटर नाण्याचं आकारमान. हवेतलं वजन भागिले हा आकडा म्हणजे घनता. ९१.७ टक्के चांदीच्या रुपयाची घनता साधारण १०.३ येते, म्हणजे काटा १.१३ च्या आसपास दाखवेल. निम्म्या चांदीच्या रुपयाला १.२२ च्या जवळ. 'जर्मन सिल्व्हर' नावाचा जो मिश्रधातू आहे, ज्यात नावापुरतीसुद्धा चांदी नसते, त्याचं तेवढ्याच वजनाचं नाणं १.३५ च्या आसपास जाईल. तीनदा मोजा आणि सरासरी घ्या, कारण ०.०१ ची चूकसुद्धा इथे एक टक्क्याची होते.

सराफाकडचं टंच काढायचं मशीन क्ष-किरणांनी वरचा थर वाचतं. जाड मुलामा असेल तर ते फसू शकतं. पाण्याची चाचणी पूर्ण नाणं तोलते. दोन्ही केल्या तर उत्तम.

एवढं करून नाणं चांदीचं ठरलं, तरी ते जुनं आहे हे सिद्ध होत नाही. दिवाळीत बाजारात राणी आणि राजाच्या छापाची नवी चांदीची नाणीही येतात. ती चांदी खरी, नाणं नाही. आणि 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असं लिहिलेली, रामदरबार किंवा हनुमान असलेली जी नाणी लाखोंना विकायला ठेवतात, ती कंपनीने चलन म्हणून पाडलेलीच नाहीत. देवळांपाशी मिळणारी टोकनं आहेत. तांदूळ ओढणारं नाणं तर सरळ सरळ ठगांचा धंदा.

ग्रेड: नाणं किती झिजलंय आणि त्याची कातडी शाबूत आहे का

ग्रेड म्हणजे नाण्याच्या तब्येतीचा आकडा. आज जगभर जी १ ते ७० ची पट्टी वापरतात ती विल्यम शेल्डन या अमेरिकन माणसाने १९४९ मध्ये तांब्याच्या सेंटसाठी मांडली होती. भारतातले विक्रेते बहुतेक अक्षरंच वापरतात: फाइन, व्हीएफ, एक्सएफ, एयू, यूएनसी. पंचम जॉर्जचा रुपया हातात घेऊन बघू, कारण तोच सगळ्यात जास्त मिळतो.

नाण्याचे उंच भाग आधी झिजतात. जॉर्जच्या बाजूला मुकुटाची रत्नं, कानावरचे केस, दाढी आणि अंगावरच्या झग्याची नक्षी हे उंच भाग. मुकुट नुसता सपाट टोपीसारखा दिसतोय, झगा गुळगुळीत, पण अक्षरं आणि साल स्पष्ट, तर नाणं फाइन (१२ ते १५) किंवा त्याच्या खाली. मुकुटाच्या कमानी वेगळ्या दिसतात, झग्यावरची निम्मी नक्षी वाचता येते, तर व्हीएफ (२० ते ३५). डब्यांतली बरीच चांगली नाणी इथेच बसतात. नक्षी जवळपास पूर्ण, फक्त टोकं बोथट, तर एक्सएफ (४० ते ४५). टोकांवर किंचित घासल्याची खूण आणि खोलगट भागात मूळ चकाकी शिल्लक, तर एयू (५० ते ५८). झीज अजिबात नाही, तर यूएनसी (६० आणि वर). व्हिक्टोरियाच्या रुपयावर हेच मुकुट, वेणी आणि छातीवरच्या कपड्याची नक्षी यांवर बघायचं. सातव्या एडवर्डच्या डोक्यावर मुकुटच नाही, तिथे कानावरचे केस आणि दाढी.

इथपर्यंत सोपं. गोची होते ती चकाकीत. टांकसाळीत ठसा आदळतो तेव्हा धातू बाहेरच्या बाजूला पसरतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. म्हणून कोरं नाणं दिव्याखाली फिरवलं की त्यावर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. ही मूळ चकाकी. एकदा घासली की गेली, कुठल्याही पावडरने परत येत नाही. घासलेलं नाणं चमकतं खरं, पण स्टीलच्या वाटीसारखं, सगळीकडे एकसारखं, आणि भिंगाखाली एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात. त्यातून अक्षरांच्या कोपऱ्यांत काळं तसंच आणि मधला भाग पांढराफटक असेल तर शंकाच नको.

आपल्याकडे अडचण अशी की हे नाणं देव्हाऱ्यातलं असतं. दरवर्षी लक्ष्मीपूजनाआधी चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, जे हाताला लागेल त्याने ते घासलं जातं, मग दूध, मग हळदकुंकू. पन्नास वर्षं हे झालं की यूएनसी नाण्याचं व्हीएफ होतं. मी कोणाला पूजेतलं नाणं घासू नका असं सांगायला जात नाही. ते ज्या कामासाठी ठेवलंय ते काम करतंय. पण विकायच्या आदल्या दिवशी 'जरा चमकवू या' म्हणून बसू नका. काळसर, निळसर छटा म्हणजे घाण नव्हे. संग्राहक त्याच छटेचे पैसे देतात. कुंकू आणि तेल काढायचंच असेल तर केमिस्टकडचं शुद्ध ॲसिटोन (नेलपॉलिश रिमूव्हर नाही) छोट्या काचेच्या वाटीत घेऊन नाणं त्यात काही मिनिटं ठेवा आणि न घासता सुकू द्या. खिडकी उघडी, गॅस बंद.

कडी लावलेलं नाणं ही आणखी एक महाराष्ट्री गोष्ट. रुपये ओवून गळ्यातला दागिना करायची रीत होती. कडी काढली तरी कडेवर डागाची खूण राहते. अशा नाण्याला ग्रेडचा आकडा मिळत नाही, 'खराब' एवढाच शेरा मिळतो. डब्यातला १९०७ चा रुपया झीज बघता एक्सएफ होता, पण किंमत फक्त चांदीची. घरच्यांनी तो विकायचा नाही असं ठरवलं, आणि मला ते बरोबर वाटलं: बाजारात ज्याची किंमत गेली, तोच आजीच्या गळ्यातला होता.

अंकुशी किंवा चांदवडी अशा मराठा काळातल्या हाताने ठोकलेल्या रुपयांना ही पट्टी जशीच्या तशी लावू नका. तिथे ठसा अर्धवट बसणं स्वाभाविक असतं, आणि जुन्या सराफांनी पारखताना मारलेले छोटे टाचेही सर्रास दिसतात. त्या नाण्यांना किती मजकूर उमटलाय आणि टांकसाळीची खूण दिसते का, यावर भाव ठरतो.

फोटोबद्दल दोन शब्द, कारण बहुतेक खरेदी-विक्री आता फोटोवरच चालते. मोबाइलचा कॅमेरा फोटो 'सुधारतो': कडा धारदार करतो, सावल्या उजळतो. त्यामुळे व्हीएफ नाणं एक्सएफ दिसू शकतं आणि घासल्याच्या रेघा गायब होऊ शकतात. विकत घेताना फोटोवर भागवू नका, एक व्हिडिओ मागा, ज्यात नाणं एकाच दिव्याखाली सावकाश तिरपं केलंय. पुढची बाजू, मागची बाजू आणि कड. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर कॉम्प्रेशनमध्ये अर्धी नक्षी जाते. आणि आलेला फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. तोच फोटो तीन विक्रेत्यांकडे दिसला तर नाणं बहुधा तिघांकडेही नाही.

कॅमेऱ्याने नाणं ओळखणारी एआय ॲप कितपत उपयोगी? राजा कोण आणि साल कुठलं हे ओळखायला चांगली. ग्रेड सांगायला माझ्या मते नाहीत. ॲपला एक स्थिर फोटो दिसतो. चकाकी ही नाणं हलवल्यावर दिसणारी गोष्ट आहे. वजन, कड, आवाज यांतलं काहीच त्याला माहीत नसतं. त्यामुळे ते जी किंमत दाखवतं ती वाचून सोडून द्यायची.

दुर्मिळ कुठलं?

जुनं म्हणजे महाग, हा समज आधी काढून टाका. १८६२ चंच बघा. त्या वर्षी राणीचा नवा रुपया सुरू झाला आणि पुढे १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवरही १८६२ हेच साल राहिलं. मुंबई टांकसाळीने प्रत्यक्ष वर्ष कळावं म्हणून मागच्या बाजूला बारीक टिंबांची संख्या बदलत नेली. म्हणजे १८६२ चा रुपया एका वर्षाचा नव्हे, डझनभर वर्षांचा माल आहे. संग्राहक त्यातली टिंबं मोजतात, काही जोड्या खरोखर कमी सापडतात. साल बघून 'लाखाचं' म्हणणाऱ्याला टिंबं किती, हे विचारा.

१९१७-१८ चे रुपये तर कोट्यवधींनी पाडले. पहिल्या महायुद्धात लोकांना कागदापेक्षा चांदी हवी होती, चांदीचा भाव चढला आणि रुपये बाजारातून नाहीसे होऊ लागले. सरकारने १९१७ च्या नोव्हेंबरात एक रुपयाची नोट काढली. १९१८ मध्ये अमेरिकेने खास कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी भारतासाठी ब्रिटनला विकली. तिचेच रुपये आज आपल्या डब्यांत आहेत. गोष्ट भारी आहे, पण नाणं सामान्य.

पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाला मात्र मागणी आहे. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतोय अशी ओरड झाली, नाणी मागे घेतली गेली आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला. सर्वसाधारण अवस्थेतल्या १९११ ला इतर जॉर्ज रुपयांपेक्षा बराच जास्त भाव मिळतो, पण थंबनेलवरचे लाख नव्हेत. खरा दुर्मिळ आहे १९३९ चा रुपया. म्हणूनच १९३८ च्या आठाचा नऊ करून विकण्याचे उद्योग चालतात. शेवटचा आकडा भिंगाखाली बघितल्याशिवाय १९३९ घेऊ नका, आणि मोठी रक्कम असेल तर प्रमाणित केलेलाच घ्या.

मग किंमत किती?

ऑनलाइन दिसणारे आकडे दोन प्रकारचे असतात: मागितलेले आणि मिळालेले. मागायला पैसे पडत नाहीत. मी १९१८ च्या रुपयाला पन्नास लाख लिहून जाहिरात टाकू शकतो, आणि उद्या तुम्ही तीच बघून म्हणाल की भाव पन्नास लाख आहे. बघायचे ते विकल्या गेलेल्या नाण्यांचे आकडे. मुंबईत टोडीवाला आणि ओसवाल, बंगळुरूत मरुधर आर्ट्स असे लिलाव करणारे आहेत. त्यांचे कॅटलॉग आणि लिलावांचे निकाल ऑनलाइन बघायला मिळतात. आपलं साल, आपली टांकसाळ आणि आपली ग्रेड, तिन्ही जुळणारे पाच-सहा निकाल काढा, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडा. लिलावात पुकारलेल्या भावावर घेणाऱ्याला कमिशन आणि कर द्यावा लागतो, आणि विकणाऱ्याच्या हातात त्यापेक्षा कमी पडतं, हे दोन्ही धरून चाला.

माझा स्वतःचा नियम असा: सामान्य सालाचं व्हीएफ नाणं मी चांदीच्या किमतीच्या सव्वापटीच्या वर घेत नाही. घासलेलं असेल तर चांदीच्या भावानेच. एक्सएफपासून पुढे मात्र हिशोब बदलतो. न घासलेलं, मूळ चकाकीचं नाणं कमी उरलंय, आणि एयू आणि चांगलं यूएनसी यांच्या भावात कधी कधी कित्येक पटींचा फरक पडतो. म्हणूनच विक्रेता 'यूएनसी' म्हणतो तेव्हा तो शब्द नाही, व्हिडिओ बघायचा.

२०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून आणखी एक गंमत झालीय. सामान्य रुपयांची संग्राहक-किंमत आणि चांदीची किंमत जवळजवळ एकच झालीय, त्यामुळे बरीच नाणी आटणीत जातायत. विकण्याआधी निदान ग्रेड बघा. वीस व्हीएफमध्ये एखादं एयू लपलेलं असू शकतं आणि ते वितळवणं हा शुद्ध तोटा.

डब्याचा हिशोब, ग्रॅमला १०० या भावाने: १९१८ चं व्हीएफ, १,१०० ते १,३०० च्या दरम्यान. १९४४ चं फाइन, ५८० च्या आसपास. १९४७ चं चांदी शून्य, पण वाघवाला रुपया संग्राहक घेतात, तेव्हा फेकू नका. १९०७ विकायचंच नाही. आणि १८६२ चं, कसं कोण जाणे, घासण्यातून वाचलेलं होतं. त्याला मी एक्सएफ म्हटलं आणि टिंबं मोजून लिलावाचे निकाल बघेपर्यंत कोणाला देऊ नका असं सांगितलं.

'आरबीआयचं पत्र आलंय'

त्या १८६२ साठी घरातल्या मुलाला, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे तो, व्हॉट्सॲपवर १२ लाखांची ऑफर आली होती. 'नोंदणी' म्हणून ११०० रुपये त्याने भरलेही होते. आता 'जीएसटी'चे ८,५०० मागत होते आणि सोबत आरबीआयचा शिक्का असलेलं पत्र.

"दादा, पत्रावर सही पण आहे," तो म्हणाला.

मी त्याला एकच विचारलं: १२ लाख देणाऱ्याने नाण्याची मागची बाजू दाखव, वजन सांग, असं एकदा तरी म्हटलं का? नव्हतं म्हटलं. त्यांना नाणं नकोच होतं.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला जाहीर केलंय की तिच्या नावाने आणि बोधचिन्हाने जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी फी, कमिशन, कर मागितले जातायत, आणि बँक अशा व्यवहारांत नाही, कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही. खरा विक्रेता किंवा लिलाववाला नाणं हातात घेतल्यावर पैसे देतो, आधी तुमच्याकडून घेत नाही. पैसे मिळवायला यूपीआय पिन टाकावा लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकते. आम्ही तक्रार केली. ११०० अजून आलेले नाहीत, ८,५०० वाचले.

विकण्याआधी आणि ठेवण्याआधी

१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशी गिऱ्हाईक कितीही भाव देत असलं तरी नाही. पीसीजीएस किंवा एनजीसी या अमेरिकन कंपन्या नाणं तपासून, आकडा देऊन प्लॅस्टिकच्या डबीत सील करतात. पण १९१८ चा रुपया तुम्ही इथून त्यांना कुरियर करू शकत नाही. अशी सीलबंद नाणी भारतात विकत मिळतात. घेताना डबीवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाका आणि तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडून बघा. ओरखडेसुद्धा जुळले पाहिजेत, कारण डब्याही नकली येतात.

गावठाणात जुनी घरं पाडून नवी उभी राहतायत, म्हणून हेही सांगतो: पाया खणताना नाणी सापडली तर ती आपोआप आपली होत नाहीत. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेला १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

डोळा तयार करायचा असेल तर खरी चांगली नाणी बघण्याला पर्याय नाही. जुईनगरहून सीएसएमटीची लोकल पकडा. फोर्टात सर पी. एम. रोडवर अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे, तिथे अर्धा दिवस सहज जातो.

घरी ठेवताना नाणं कडेला धरा, बोटांचे ठसे चांदीवर कायमचे उमटतात. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं टाळा, काही वर्षांत त्यांचा हिरवट चिकट थर नाण्यावर बसतो. पुठ्ठ्याच्या चौकटीतली मायलरची पाकिटं दोन-चार रुपयांत मिळतात. त्यावर पेन्सिलने वजन, साल, टिंबं आणि कोणाकडून आलं ते लिहून ठेवा, आणि नाणं आत घालण्याआधी लिहा, नंतर नको, नाहीतर पेन्सिलचा दाब नाण्यावर येतो.